काशीबाईचं मडकं

खाडीकाठच्या दातिवरे गावात पोर पाण्यात पडलं की पहिली हाक काशीबाईला जायची. ती मडकं पालथं ठेवी, पोराला त्यावर पोटावर टाकून हलवी. पोर पाणी ओकून रडलं की म्हणे, "दर्यानं सोडलं." अशी सात पोरं उठली होती. त्यामुळे गावात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता.

१९८३ साली तिचीच नात, पाच वर्षांची नलू, धक्क्यावरून खाडीत घसरली. मडक्यावर घातल्यावर तीही रडली. पण बाप पुंडलिक धास्तावला होता. त्यानं लेकीला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. काशीबाई कुरकुरत सोबत गेली.

डॉक्टर तरुण होता. छाती तपासून म्हणाला, "आजी, मडक्यानं पोटातलं पाणी निघतं, फुप्फुसातलं नाही. आता बरी दिसते, पण काही तासांनी श्वास अडकू शकतो. उद्यापर्यंत ठेवा."

"साहेब, तुमाला पवता येतं?"

"नाही."

"मंग पान्याचं मला नका शिकवू."

वॉर्डातल्या बाया हसल्या. नलूही हसली. काशीबाईला तेवढा पुरावा पुरे झाला. शिवाय पोर वर काढताना तिनं दर्याला नारळ बोलला होता, दिवस मावळायच्या आत वाहायचा. नवस चुकला तर दर्या पोर परत मागतो, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

डॉक्टरनं पुन्हा पुन्हा सांगितलं. पुंडलिकनं आईकडे पाहिलं आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' अशा कागदावर अंगठा उठवला.

वाटेत नलू खोकू लागली. "खारं पानी हाय, घसा खवखवनारच," काशीबाई म्हणाली. किनाऱ्यावर ती पेंगू लागली. "दमली." नारळ फुटला, तेवढ्यात पुंडलिक ओरडला, "आये, हिचं ओठ बघ!"

ते निळे पडले होते. टेम्पो पुन्हा निघाला. नलू अर्ध्या वाटेत गेली.

काशीबाईनं मडकं फोडलं. दोन वर्षांनी गावातल्या शांतारामची पोर पाण्यात पडली; दवाखान्यात दाखवून तो तिला लगेच घरी न्यायला निघाला, तेव्हा काशीबाई दारात आडवी बसली. "आज नेऊ नका रं. येक दिस ठेवा."

"तुज्या हाताचं यश गेलं, काशीबाय. बाजूला हो," म्हणत शांताराम तिला ओलांडून पोर घरी घेऊन गेला.

त्या पोरीला काहीच झालं नाही. "बघ, उगाच भिववत होतीस," गाव हसलं.

 पोर वाचली याचा आनंद काशीबाईला मानता येईना, आणि त्याचीच तिला लाज वाटत राहिली.