बारवेत ओतलेला टँकर

जरा जवळ सरक बाई. मोबाईलवर आमच्या बारवेचा फोटो बघून ‘किती सुंदर’ म्हणतेस आणि तिथेच काम करणाऱ्या आत्याला एका शब्दाने विचारत नाहीस, हे काही बरं नव्हे. त्या फोटोतलं पाणी टँकरचं आहे.

बारव म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायची दगडी विहीर. पाथर्डीकडची ही आमची बारव पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केली आणि माहिती सांगायला मला ठेवलं. दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा आहेत. सासूबाईंच्या काळी पाणी कुठवर होतं, मी लग्न होऊन आले तेव्हा कुठवर, हे मी पायऱ्या उतरत दाखवते. खाली कोरडा तळ. पाऊस लहरी झाला, बोअर खोल गेले, ते तिथे उभं राहून सांगते. खात्याचे साहेब याला ‘इंटरप्रिटेशन’ म्हणतात. म्हणजे दगडावर काय गुदरलं ते बघणाऱ्याला कळेल असं सांगायचं.

उद्घाटनाच्या सकाळी साहेबांनी टँकर मागवला.

“साहेब, पाणी आटल्याची गोष्ट पाण्यापुढे उभी राहून कशी सांगू?”

“फोटोपुरतं हो, मावशी. तळ फार भकास दिसतो.”

पाईप सुटला, पाणी साचताच साहेबांनी तो फोटो काढून घेतला. आता आमच्याकडची रीत अशी, की उन्हाळ्यात सरकारी टँकर गावच्या विहिरीतच रिकामा होतो आणि बाया तिथून पाणी भरतात. तो बरेच दिवस फिरकला नव्हता. आवाज ऐकून अख्खी आळी हंडे घेऊन आली.

साहेब माझ्याकडे वळले. “पाहुणे येऊन जाईपर्यंत त्यांना थांबवा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

मी आडवी गेले. पुढे हिराबाई, कडेवर तापाने मलूल झालेली नात.

“हे पानी आमचं न्हाई व्हय?”



“गाळून, उकळून घे,” मी म्हटलं आणि बाजूला झाले.

पाहुणे आले तेव्हा पायऱ्यांवर हंड्यांची रांग होती. “हा कार्यक्रमाचा भाग आहे का?” त्यांनी विचारलं.

“कसला भाग, सायेब? प्यायचं हाय,” हिराबाई म्हणाली. “जरा वाट द्या.”

पाहुणे भिंतीला टेकून उभे राहिले. तळाशी चिखल उरेपर्यंत कोणी भाषण केलं नाही. मग मी रेघा दाखवल्या.

साहेबांनी मला काढलं नाही, तिकीट खिडकीवर बसवलं. माहिती सांगायला दुसरं कोणी टिकेना, तेव्हा परत बोलावलं. धडा एवढाच, की तहानलेल्या गावात शोभेला पाणी ओतलं तर हंडे येणार, हे धरून चालावं.

तू लवकर ये. पावसाळ्याची वाट बघू नकोस, रेघा उन्हाळ्यातच नीट दिसतात.