नऊ नंबरच्या जर्सीतली मुलगी

ग्रेटा होल्टकँपला ते काम करायला बारा मिनिटं लागली. पुढे ती बारा मिनिटं तिनं इतक्यांदा आठवली, की त्यांचे बारा दिवस झाले असतील.

नेब्रास्कातल्या त्या कॉलेजात ती डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि खेळ विभागात इंटर्न. सामन्याआधीची पोस्टरं, जिंकल्यावरचे आकडे, खेळाडूंच्या वाढदिवसांची चित्रं, सगळं तिच्या हातचं. नोव्हेंबरात व्हॉलीबॉलच्या पोरींचा घरच्या कोर्टावरचा शेवटचा सामना असतो. त्या दिवशी चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलींना आईबापांसकट मधोमध उभं करतात, फुलं देतात आणि प्रत्येकीला तिचं स्वतःचं, माणसाएवढं पोस्टर. यंदा अशा चौघी होत्या. तिघींची पोस्टरं तयार झाली. चौथीचा फोटोच नव्हता.

"ब्रिन कुचेरा," ग्रेटा म्हणाली. "ऑगस्टमध्ये सगळ्यांचे फोटो काढले, तेव्हा ही आजोबांच्या मातीला गेली होती."

रोली, म्हणजे तिचा साहेब, खुर्चीत टोपी तोंडावर घेऊन रेलला होता. तो टोपीखालूनच बोलला, "नऊ नंबर? ती खेळते कुठं? चार वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवतेय."

"म्हणून पोस्टर नको?"

"तसं म्हणालो का मी? टीममधल्या टॅटमचं धड घे. उंची तीच, बांधा तोच. चौदाचा नऊ कर, वर ओळखपत्रावरचा चेहरा चढव. दुपारी छापायला जायचंय."

"ती आत्ता जिममध्ये सरावाला असेल. जाऊन पटकन फोटो काढून आणू?"

"दिवे लाव, पडदा लाव, जर्सी धुलाईतून मागव. जा बाई, जा. मी कुठं अडवतोय?"

जिम समोरच होतं, गाड्या लावायच्या जागेपलीकडे. पण तीन वाजता ग्रेटाची परीक्षा होती आणि बाहेर बोचरा वारा सुटला होता. ती गेली नाही. त्याहून वाईट म्हणजे, तिला ते काम करताना मजा आली. हनुवटीखालची सावली जुळवली, कातडीचा रंग जरा उजळ केला, आणि रोलीला हाक मारली.

"जोड दिसतोय का, सांग."

रोलीनं टोपी वर केली. "जोड? अगं, सख्ख्या आईला कळणार नाही."

आणि ग्रेटा हसली. चांगली खळखळून हसली.

सामन्याच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बोळात चौघींची पोस्टरं उभी होती. शेजारच्या टेबलावर पोरींच्या आयांनी आणलेली चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं दाट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल. ग्रेटा पोस्टरं नीट उभी आहेत ना, ते बघायला आली, तर ब्रिनच्या पोस्टरसमोर एक ठेंगणी बाई उभी. अंगात चर्चला जायचा कोट, हातात कागदी ताटली, ताटलीतला रोल तसाच.

"हे कुणी केलं गं?"

"मी. मी ग्रेटा."

"मी ब्रिनची आई." बाईंनी ताटली खाली ठेवली आणि ग्रेटाचा हात दोन्ही हातांत धरला. शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेले, खरखरीत हात. "ट्रकचं दार मीच लावलं होतं. सहा वर्षांची होती ती. मला घाई, नेहमीसारखी. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, पेरापासून गेलं. पोर मला एका शब्दानं बोलली नाही. पण शाळेचा एक फोटो असा नाही, की त्यात हात पाठीमागे नाही."

ग्रेटानं पोस्टरकडे पाहिलं. डाव्या तळहातावर चेंडू. चेंडूभोवती पाच लांबसडक, सगळी बोटं.

"कुणी सांगितलं तुला? ब्रिन तर सांगणार नाही. म्हणजे तूच बघितलंस आणि समजून घेतलंस." बाईंचे डोळे भरले होते. "एवढुसं बोट. पण मला काय दिलंयस, तुला नाही कळायचं, पोरी."

"मिसेस कुचेरा, ते मी... म्हणजे ते तसं नाही..."

"लाजू नकोस. जेवलीस का? काटकुळी आहेस नुसती. हे घे. चिलीत बुडवून खा, कोरडा खाऊ नकोस."

ग्रेटानं घास घेतला. तो तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. बाई समोर उभ्या राहून ती खाते की नाही ते बघत होत्या.

कशीबशी सुटका करून घेऊन ती दारापाशी आली, तर तिथं ब्रिन. गुडघ्यांना पट्टे, केस घट्ट बांधलेले.

"आईनं गाठलं वाटतं तुला."

"ब्रिन, मला सांगायचंय..."

"टॅटमचा हात आहे तो. निळं नेलपॉलिश बघून सगळ्या टीमनं ओळखलाय. टॅटम म्हणते, हाताचं भाडं दे."

ग्रेटा परत बोळाकडे वळली. "मी जाऊन तुझ्या आईला सांगते. आत्ता."

"काय सांगशील? चार वर्षांत तुमच्या पोरीचा एक धड फोटो नव्हता आमच्याकडे, म्हणून दुसरीचं धड लावलं?"

ग्रेटाचं पाऊल तिथंच अडलं.

"हात पाठीमागे घे, हे मला तीच सांगायची," ब्रिन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "प्रत्येक फोटोला. मला लपवायचा नव्हता कधी. तिला बघवायचा नाही. सोळा वर्षं ती ट्रकच्या त्या दारापाशीच उभी आहे. आज पहिल्यांदा माझा हात बघून हसली."

"तो तुझा हात नाहीये."

"तेच तर. तू गप्प राहा. तेवढं करशील ना?"

तिसऱ्या सेटला, सामना हातात आल्यावर, प्रशिक्षकांनी नऊ नंबरला सर्व्हिसला पाठवलं. निरोपाच्या दिवशी प्रत्येकीला एकदा तरी कोर्टावर उतरवतात. फोटोग्राफरचा कॅमेरा टॅटमवरच होता. त्याच्या पिशवीतला दुसरा कॅमेरा ग्रेटानं न विचारता उचलला आणि ती गुडघ्यांवर बसली. ब्रिननं चेंडू उडवला. जीभ दातांत धरलेली, डावा हात वर ताणलेला, बोटं ताठ, एक अपुरं. खटाखट फोटो निघाले. चेंडू जाळ्यात गेला.

त्यातला एक तिनं ब्रिनला पाठवला. उत्तर आलं, "चेंडू जाळ्यात घालतानाचा फोटो. थोर आहेस. ठेवते मी. आईला पाठवू नकोस."

सोमवारी रोली खुशीत होता. "तुझ्या शिफारसपत्रात कुचेराचं पोस्टर लिहितोय."

"ते नको लिहूस. तिला एक बोट कमी आहे, रोली. डाव्या हाताला."

"अरे बापरे. कुणी तक्रार केली?"

"नाही. तिची आई खूश आहे."

"मग झालं की." त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. "मी घाबरलो ना उगाच."

तिला वाटलं होतं, कुणीतरी रागावेल. कुणीच रागावत नव्हतं, आणि त्यामुळेच तिला स्वस्थ बसवत नव्हतं.

डिसेंबरात, नाताळच्या आठवडाभर आधी, मिसेस कुचेरांचा ईमेल आला. पोस्टर त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलं होतं, आल्यागेल्याला पहिल्यांदा तेच दाखवत होत्या. "ब्रिनच्या आजीला एक हवंय. आजोबा गेल्यापासून तिचं कशात मन नाही. तुला त्रास नसेल तर आणखी एक छापशील?"

ग्रेटानं दोन्ही चित्रं उघडली. एकात हसरी, नितळ मुलगी. दुसऱ्यात जीभ चावणारी. तिनं ब्रिनला फोन लावला.

"तुझ्या आजीसाठी छापायचंय. कुठलं छापू?"

ब्रिन म्हणाली, "आईनं जे मागितलंय ते."

"आणि तुला कुठलं हवं?"

"मला विचारू नकोस ना, ग्रेटा. तू आधी विचारलं होतंस का?"

फोन बंद झाला. ग्रेटा छपाईच्या यंत्रापाशी गेली. कागद वरून सरकायला लागला. आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. यंत्र थांबवायच्या बटणावर तिनं बोट ठेवलं होतं. गळ्यापर्यंत ब्रिन होती. ग्रेटानं बोट दाबलं नाही, आणि टॅटमचे खांदे यायला लागले.