उन्हात हात धरणारे लेपकाका

वैशाखातल्या दुपारी वर्ध्याच्या आमच्या आळीत कुत्रंही बाहेर दिसायचं नाही. सुट्टीच्या दिवशी अशा वेळी लेपकाका मात्र अंगणात बाही वर सारून, डावा हात उन्हात धरून बसलेले असायचे. हातावर लेपांचे पट्टे. एक कोरफडीच्या गराचा, एक रक्तचंदनाचा, एक करंजाच्या तेलाचा. मधे थोडी जागा मुद्दाम कोरी ठेवलेली. संध्याकाळपर्यंत ती लालबुंद व्हायची.

"काका, काऊन भाजून घेता?" मी विचारायची.

"पोरीले लावायच्या आधी माह्या हातावर पाहू दे."

पोरगी म्हणजे कुसुम, माझी मैत्रीण. काका कचेरीत कारकून होते. बायको लवकर गेली, मागे ही एकटीच. शाळेत असताना कुसुमच्या हातांवर आणि मानेवर कोडाचे पांढरे डाग उठले. कुणीतरी सांगितलं म्हणून काकांनी बावचीचं औषध लावलं, आणि तशीच ती उन्हात गेली. टरटरून फोड आले. डाग होते तसेच राहिले, आणि ऊन लागलं की ते भाजायचे. तेव्हापासून काकांनी डाग घालवायचा नाद सोडला. लोक विचारत, "कमी होऊन राह्यले का?" काका दमल्या आवाजात म्हणत, "डागाचं मले काई नाई. तिले उन्हात हिंडता आलं पाह्यजे, बस."

कचेरीतून आले की टोपी खुंटीला अडकवून "थकलो बा आज" म्हणायचे, आणि चहा होईपर्यंत पाट्याशी बसायचे. वरवंट्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. कुसुमला त्या लेपांचा वीट आला होता. एकदा ती चिडून म्हणाली, "बाबा, या करंजाच्या वासानं पोरी दूर बसतात माह्यापासून." काकांनी बाजारातून वाळा आणला, उकळला, पुढचा लेप त्या पाण्यात कालवला. वास करंजाचाच आला.

पुढे वडनेरच्या बाजूच्या एका खेड्यात कुसुमला शिक्षिकेची नोकरी लागली. मोटार तिला सडकेवरच उतरवायची, तिथून शेतांतून बरीच पायपीट. काका म्हणाले, "राहू दे. इथंच काई पाहू."

"मंग इतकी वर्षं कायले वाटून राह्यले, बाबा?"

काकांनी पाट्यावरचा लेप डबीत भरून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "जाय."

लेपाची डबी आणि छत्री घेऊन ती गेली. हात बऱ्यापैकी निभावले, मान मात्र भाजायचीच. शनिवारी ती घरी आली की काका आधी तिची मान बघत. "या खेपेले कमी हाय ना?" कुसुम दर वेळी "हो" म्हणायची. एका शनिवारी ती आमच्याकडे येऊन नुसती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "ते किती थकले गं. आता थांबा म्हणावं तर तेही म्हणवत नाई."

एका चैत्रात काका तापाने गेले. अग्नी देणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईमाणसानं घाटावर जाऊ नये, असं दोघातिघांनी सांगून पाहिलं. कुसुमने मडकं उचललं आणि पुढे चालू लागली. टळटळीत ऊन होतं. "अगं, मानेवरून पदर तरी घे," माझी आई मागून ओरडली. तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

परतली तेव्हा मान, दंड, सगळं पेटल्यासारखं लाल. डबी रिकामी होती. आई म्हणाली, "लेप कसा करायचे गं भाऊजी? सांग, मी वाटते."

दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरलेली कुसुम तेव्हा रडली. "मले नाई माहीत, काकू. दर खेपेले काई तरी बदलायचे. म्हणायचे, अजून जमलं नाई."

आईने कुंपणातली कोरफड तोडली आणि नुसता गर तिच्या मानेला लावत बसली.

तेरवी झाली आणि कुसुम शाळेवर परत गेली. मान अजून सोललेलीच होती.