बाशिंगाआडचा चेहरा

त्या वर्षांत अमरावतीतल्या आम्हा पेंटर लोकांची भाकरी फ्लेक्सनं पळवली. दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस, गणपतीचे देखावे, सगळं मशिनीतून सर्रकन छापून यायला लागलं. माझ्या ब्रशला एकच काम उरलं, ते म्हणजे मेलेल्या माणसांच्या तसबिरी. तेरवीच्या आधी घरचे लोक एखादा फोटो घेऊन येत, मी त्यावर चौकोन आखून चेहरा मोठा करी आणि शेजारच्या दुकानातले फ्रेमवाले चाचा त्याला काच बसवत. हे काम मात्र वाढतच होतं. चाचा एकदा म्हणाले, "पहले शादी के फोटो आते थे फ्रेम को. अब सब हारवालेच आते."

शहरात आमचं चित्रकारांचं एक मंडळही होतं. त्यात ड्रॉइंग मास्तर होते, काही हौशी डॉक्टर होते, आणि मी होतो, पाट्या रंगवणारा, म्हणजे फोटो काढताना कडेला उभा राहणारा. दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरे. इतकी वर्षं सगळे मेळघाटचे साग आणि सूर्यास्त रंगवत आले होते. त्या वर्षी ठरलं की विषय शेतकरी. मग काय, जो तो भेगाळलेली जमीन रंगवून घेऊन आला. अरे बाबांनो, आपली काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते, पीक चांगलं आलं त्या सालीही भेगाळते. पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना त्या भेगा फार आवडल्या. अकोल्याच्या एका चित्रकारानं भेगांमधून डोळे काढले होते, त्याला बक्षीस मिळालं. माझं डोकंच फिरलं. चहा न घेता मी दुकानावर परत आलो.

पायरीवर एक बाई बसली होती, सोबत तिचा दीर. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं त्यांचं गाव. तिच्या नवऱ्यानं पोळ्यानंतर फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. तेरवी कधीच होऊन गेली होती. तेव्हा तसबीर झाली नव्हती, कारण धड फोटोच नव्हता.

"पोरगी तीन वर्साची हाये, भाऊ," ती म्हणाली. "बापाले इसरून राहिली. तिच्याजवळ चेहरा तरी राहू द्या."

तिनं पिशवीतून मतदार कार्ड काढलं. त्यावर माणसाच्या जागी नुसता काळा डाग. दुसरा होता लग्नाचा फोटो. त्यात नवरदेव होता, पण बाशिंगाच्या झिरमिळ्या, मुंडावळ्या आणि लाजून खाली घातलेली मान. दिसत होती फक्त हनुवटी. आमच्याकडे बहुतेकांच्या आयुष्यात नीट काढलेला फोटो हा एवढाच, आणि तोंड नेमकं त्यातच झाकलेलं.

मी सांगितलं, यातून काही होणार नाही. ती उठली नाही. दिराकडे बोट करून म्हणाली, "मंग याह्यच्यावरून काढा. दोघं भाऊ सारखेच दिसत. लोकं फसत."

दिराचा चेहरा उतरला. मेलेल्याच्या तसबिरीसाठी जित्या माणसानं बसायचं, ही गोष्टच अंगावर काटा आणणारी. तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "बसतो. फक्त मायले नोका सांगू, वहिनी."

त्यानंतर ती दोघं सकाळच्या एसटीनं येत राहिली. तो स्टुलावर ताठ बसे, ती माझ्या मागे उभी राहून सांगे. नाक जरा बसकं करा. कान मोठे होते त्याह्यचे. भुवईत खूण होती, बैलाचं शिंग लागलं होतं. आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाला कोट घालायची पद्धत. जन्मभर बंडीत वावरलेला माणूसही भिंतीवर कोटात बसतो. मी कोट आखायला घेतला तर ती म्हणाली, "कोट नोको. पोरगी वळखनार नाही."

ओठांपाशी काम अडलं. हसताना ओठ कुठल्या बाजूला जायचा, मी विचारलं. तिनं आधी डावीकडे सांगितलं, मग उजवीकडे. मग दिराला म्हणाली, "तुमी जराशे बाहीर जा." तो गेल्यावर ती रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली, डोळे मिटले, उघडले.

"मलेच आता आठवून नाही राहिलं, भाऊ. डोये मिटले का हे भाऊजीच येतेत पुढं."

मला भीती वाटली. आपण एका माणसाला आणतोय की घालवतोय, हेच कळेना. पण हात थांबवला नाही. अर्धवट चेहरा तिच्या हाती देणं त्याहून वाईट झालं असतं.

मंडळाचे अध्यक्ष एकदा दुकानात डोकावले. चित्र पाहून म्हणाले, "वा, प्रदर्शन चालू आहे तोवर हे उद्याच हॉलमध्ये लावू. केवढी करुणा आहे यात."

"जिच्यासाठी आहे त्या पोरीनं अजून पाहिलं नाही," मी म्हणालो आणि त्यावर कपडा टाकला. ते नाराज झाले. होऊ देत.

तसबीर न्यायच्या दिवशी ती दिरासोबत पोरीला घेऊन आली. चाचांनी काच पुसून फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली होती. पोरगी जवळ गेली, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका." मग मागे वळून खऱ्या काकाकडे बघून हसली. तिला तो खेळच वाटला असावा.

बाई खाली बसली.

"काका नाही वं. बाबा हायेत. म्हन, बाबा."

पोरीनं फ्रेमकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. "काका," ती पुन्हा म्हणाली. दीर उठून रस्त्यावर गेला. मला ते चित्र तिथंच फाडून टाकावंसं वाटलं. बाईनं पोरीचा दंड धरून तिला चित्रासमोर उभं केलं. आवाज चढवला नाही, पण हात सोडला नाही.

"बाबा."

पोरीचा ओठ थरथरायला लागला. आईच्या तोंडाकडे बघत, रडवेली होऊन ती हळूच म्हणाली, "बाबा."

"द्या बांधून," बाई चाचांना म्हणाली.