रांग नसलेला मंगळवार
मागच्या डिसेंबरात मी रांगेतून मागे फिरले. दादरला चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनी लागते ती रांग. पहिल्यांदा त्या रांगेत गेले ती आईच्या कडेवर बसून. पुढे बाळंतपणं आणि कोरोना सोडला, तर एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पण उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स शिवून शिवून माझे गुडघे कामातून गेले. अर्ध्या रांगेतच पाय लटपटायला लागले आणि कार्यकर्त्यांनी धरून मला बाहेर आणलं. वंदन राहिलं. ही रुखरुख वर्षभर मनातून गेली नाही, आणि तिचा राग मी घरातल्या भांड्यांवर काढत राहिले.

डॉक्टरांनी बजावलं, तासन्तास उभं राहायचं नाही. यंदाचा डिसेंबर जवळ आला तसं घरात तो विषयच कोणी काढेना. मग आमच्या ह्यांनी टूम काढली. हे अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झाल्यापासून ह्यांना असं काहीबाही सुचतं.

"मंगळवारी जाऊ. साधा दिवस आहे. आरामात मुंबई फिरू, मग दादर."

"रांगेत उभं न राहता कसलं वंदन? ही तर चोरवाट झाली."

"बरं, चोरवाटेनं जाऊ. टेन्शन नको घेऊस," हे म्हणाले.

मी तयारी मात्र नेहमीसारखीच केली. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा, पाण्याच्या चार बाटल्या, अंथरायला चादर, गोळ्या. दोन पिशव्या भरल्या.

"आठ दिवसांची शिदोरी बांधलीस की काय?" हे म्हणाले, आणि जड पिशवी स्वतःच उचलली.

विठ्ठलवाडीत इतकी वर्षं काढली, पण मुंबई अशी मी पाहिलीच नव्हती. दादरला जायचं आणि परत यायचं. दिवसभर दिसायची ती पुढच्या बाईची पाठ. त्या दिवशी गेटवेला ह्यांनी माझा फोटो काढला, त्यात माझं डोकं कापलं गेलं. मग दुसरा काढला, त्यात समोरून एक कबुतर उडालं. दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर चढताना मी ह्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण खिडकीशी बसल्यावर उतरावंसं वाटेना. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून आम्ही चपात्या खाल्ल्या. हे ठेचा जास्त घेत होते. एरवी मी ओरडले असते. समुद्र शांत होता, आणि मीही बऱ्यापैकी शांत होते.

ऊन उतरल्यावर दादरला पोचलो. फाटकाशी मी चपला काढल्या आणि सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "भाऊ, रांग कुठून सुरू होते?"

"कैसी लाइन, माताजी? सीधा अंदर जाओ," तो हसून म्हणाला.

हे पिशव्या घेऊन बाकावर बसले. "जा तू. मी सामानाजवळ बसतो."

आमची ही रीतच होती. मुलं लहान असताना एकाने पोरं आणि पिशव्या सांभाळायच्या, दुसऱ्याने रांग धरायची. मी परतले की मग ह्यांची पाळी. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, तरी आमची आळीपाळी चालूच राहिली.

मी आत गेले, डोकं टेकवलं आणि लगेच बाहेर आले. "पुढे चला, पुढे चला" ऐकायची इतकी सवय, की कोणी म्हणत नव्हतं तरी पाय आपोआप चालू लागले.

"इतक्यात झालं?" ह्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "नाही झालं. मी सांगत होते तुम्हाला. असं होत नाही."

हे उठले. "बस तू. मी जाऊन येतो."

मी बसले. पिशव्यांचे बंद हातात धरले. रिकामा डबा, घडीही न मोडलेली चादर, संपत आलेल्या बाटल्या. आसपास फाटकावरचा सिक्युरिटीवाला आणि एक झोपलेलं कुत्रं सोडलं तर कोणी नव्हतं. आणि मी राखण करत बसले होते.

"अहो, थांबा!" मी ओरडले. सिक्युरिटीवालासुद्धा दचकला. पिशव्या त्याच्याजवळ ठेवल्या आणि ह्यांच्या दंडाला धरून मी पुन्हा आत गेले.

आम्ही शेजारी शेजारी हात जोडले. मी त्रिसरण म्हणायला लागले आणि बाजूने ह्यांचा जाडा, थोडा बेसूर आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो आवाज त्या जागी मी कधी ऐकला नव्हता. मग आम्ही पंचशील म्हटलं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मागून कोणी ढकललं नाही. संपल्यावरही आम्ही तसेच उभे राहिलो, आणि गुडघे दुखत होते तरी मला निघायची घाई नव्हती.

बाहेर येऊन ह्यांनी माझ्या चपला पुढे सरकवल्या.

"मग? झालं वंदन?"

"झालं," मी म्हटलं. "पहिल्यांदाच."