प्रॉम्प्टर चंदाबाईंचा घसा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात नट सहसा पाठांतर करत नाहीत. पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो. वडशातल्या माझ्या शेजारीण चंदाबाई मेश्राम यांनी बावीस वर्षं हेच काम केलं.

कंपनीचे मालक भैयाजी स्वतःच नायक. तीन हंगामांपूर्वी त्यांनी जुना डिझेल जनरेटर आणला. प्रेक्षकांना खडखडाट नको म्हणून तो ठेवला विंगेत, चंदाबाईंच्या पाठीशी.

"भैयाजी, याले दूर ठेवा. धुरानं गळा जळते."

"तुमाले कोणतं गाणं म्हणाचं हाय, बाई? वाचूनच तर राह्यल्या."

मंडळी हसली. पुढच्या हंगामात चंदाबाईंचा आवाज फाटला. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघी चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरपटलांवर पातळ अस्तर असतं, त्यातल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, म्हणून बाहेरचं काही आत झिरपत नाही. धुरामुळे तिथे प्राणवायूची फार तापट रूपं तयार होतात. शरीर त्यांना आवरतं, पण रोजच्या माऱ्यापुढे त्याची ताकद अपुरी पडते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. मग पेशींमधले सांधे सैल होतात, अस्तर सुजतं. सहा आठवडे धूर नाही, बोलणं नाही. नाहीतर आवाज कायमचा जाऊ शकतो.

"आन् जनरेटरच्या मालकाले का होते?" चंदाबाईंनी विचारलं.

"तो लांब उभा असतो ना. त्याला कशाला काय होईल?" डॉक्टर म्हणाले.

परतीची बस नागभीडला थांबली. चंदाबाई म्हणाल्या, "उद्या पटाचा खेळ हाय, बाई. तिथी जाईन मी."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरचंच ऐकणार हाये."

मी त्यांना अडवलं नाही.

पटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आलेल्या माणसांनी मंडप गच्च भरला होता. तिसऱ्या अंकात भैयाजींनी तलवार उपसली. चंदाबाईंनी शपथेचं अर्धं वाक्य दिलं आणि पुस्तक मिटलं. भैयाजींनी तेवढंच दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग तलवारीसकट विंगेकडे सरकले.

"पुढचं सांगा ना, बाई."

चंदाबाईंनी गळ्यावर बोट ठेवलं.

"काऊन भैयाजी, डिझल संपलं काय?" मंडपातून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या, पडदा पाडावा लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. क्षमा करायला शिकवणाऱ्या आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरना तरी वाटलं असतं. मला वाटलं नाही.

सहा आठवडे चंदाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आवाज परतला तो खालच्या पट्टीत, थोडा खरखरीत. भैयाजी शाल घेऊन दारात आले. जनरेटर शंभर फूट लांब हलवला होता म्हणे.

"दुसऱ्या कंपनीले हो म्हटलं मी," चंदाबाई म्हणाल्या.

नव्या मालकाला त्यांनी एकच अट घातली होती: ज्या गावात भैयाजींचा खेळ, त्याच गावात, त्याच दिवशी, समोरच आपला मंडप लावायचा.

या हंगामात असे अकरा खेळ झाले. भैयाजींच्या मंडपात गर्दी निम्मीच होती.