खोटं बाहेर बसणं

"ए नटवे, हिकडं ये. पोट दाखव."

तळेगावात पाटलांच्या खळ्यावर आम्ही बाया कांदा निवडत बसल्यालो. मी नुकतीच पाटलीणबाईंची नक्कल केल्याली, गालात तंबाखू धरून. बाया हसून लोळत व्हत्या. अन् पाटलीणबाई माझ्या मागंच उभ्या.

त्यांनी सगळ्यांदेखत माझं पोलकं वर केलं. पोट दाबलं, बाजारात भोपळा दाबून बघत्यात तसं.

"संक्रातीपास्नं हिला गोठ्यात बसल्याली कुणी बघितली का गं?"

कुणी न्हाई. बाई बाहेर बसली की गावाला कळतं. न्हाई बसली तर जास्तच कळतं.

माझी आई पलीकडंच कांदा निवडत व्हती. पाटलीणबाई तिला म्हणाल्या, "न्हावऱ्याला बिजवर हाय. पोट दिसायच्या आत उरकून टाक."

घरी आई म्हणाली, "चार दिस गोठ्यात बस. खोटं. लोकांची तोंडं मिटतील."

बसले. म्हशीची नक्कल केली, रेडकाची केली. हसाया कुणी न्हाई. वर पाळी यावी म्हणून आईनं सोमवार-शुक्रवार उपास धरायला लावल्याले. आधीच भाऊ जेवून उरंल ती भाकर माझी.

पाटलीणबाई गोठ्याच्या दारात आल्या. "कापड दाखव."

काय दाखवू? कोरडं धडपं हातात. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी बिजवराकडं माणूस धाडला.

मी आईला म्हणाले, "आधी डॉक्टरणीला दाखव. पोट निघालं तर घोडनदीत ढकल."

यष्टीनं शिरूरला गेलो, मिशनच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी वजन केलं, डोळ्याची पापणी ओढली, गळा चाचपला. मग म्हणाल्या, "पोटाला हात लावू का?"

मला विचारलं. माझ्याच पोटाचं, मला. तवर कुणी विचारलं नव्हतं.

तपासून आईला म्हणाल्या, "मूल नाही. रक्त कमी आहे, अंग वाळलंय. उपाशी शरीर पाळी थांबवतं. उपास बंद. दोन वेळा भाकरी, डाळ, शेंगदाणे. तरी नाही आली तर परत आणा, दुसरं कारण शोधू."

आई म्हणाली, "उपासानं जाती व्हय?" मग यष्टीत चढायच्या आधी शेंगदाण्याची पुडी घेऊन माझ्या हातात ठेवली.

खळ्यावर पाटलीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय निघालं गं?"

मी गालात जीभ धरली. त्यांचाच आवाज काढला. "ए नटवे, हिकडं ये. पोट दाखव."

कुणी हसलं न्हाई.

मग माझ्या आवाजात म्हणाले, "भूक निघाली, पाटलीणबाई. बिजवराला न्हाई म्हणून कळवा."

पुढं पाळी आली. कवा, ते सांगत न्हाई. आईलाबी न्हाई. गोठ्यात बसले न्हाई. बसणार न्हाई, खरंबी न्हाई, खोटंबी न्हाई. कांदा निवडताना बाया माझ्याकडं बघत्यात.

बघू द्या.